तिसऱ्या तारेचा हिशोब

१४ जून २०२५, शनिवार

आज तालमीचं रेकॉर्डिंग घरी येऊन ऐकलं. आमचा चौघांचा छोटा गट आहे: ताई गातात, हार्मोनियम, तबला आणि माझी गिटार. भावगीतांना मी कॉर्ड एकदम न वाजवता एकेक तार सुटी छेडत जातो. आवाज अगदी स्वच्छ ठेवतो, कसलाही इफेक्ट नाही. अशा वाजवण्यात सहाही तारा सारख्या ऐकू यायला हव्यात. पण प्रत्येक कॉर्डमध्ये तिसरी तार, म्हणजे जी, उसळून वर येते आणि लगेच पुढची दुसरी तार खाली बुडते. ताईंचा स्वर लांबलेला असताना मध्येच ‘टण्’ असा ठोका पडावा तसं होतं. एकदा लक्षात आल्यावर मला दुसरं काही ऐकूच येईना.

दोन वर्षं मी हा दोष हाताचा समजत होतो. तिसरी तार हलकी छेडायचा रियाजही करून झाला. आज पहिल्यांदा वाद्याकडे नीट पाहिलं. गिटार इलेक्ट्रिक, स्ट्रॅट (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर) घाटाची, जुनी विकत घेतलेली. तारांचं हालणं विजेत बदलणारे तीन सिंगल कॉइल (एकेरी वेटोळ्याचे) पिकअप तिच्यावर आहेत: नेक म्हणजे मानेकडचा, मधला, आणि ब्रिज म्हणजे घोडीकडचा. प्रत्येक पिकअपवर चुंबकाच्या सहा कांड्या आहेत आणि त्यांची उंची सारखी नाही. तिसऱ्या तारेखालची सगळ्यात उंच, दुसरीखालची सगळ्यात बुटकी. व्हर्नियरने मोजलं तर दोघींत जवळपास २ मिलिमीटरचा फरक आहे. तारा दहा-शेचाळीसच्या संचातल्या (आकडे जाडीचे, हजारांश इंचात), तिसरी साधी, म्हणजे वर वेढे नसलेली, १७ ची.

काम सुरू करायचं ठरवलं. आधी मोजायचं, मग हात लावायचा.

१५ जून, रविवार

मोजायचं तर प्रत्येक तार सारख्याच जोराने छेडली गेली पाहिजे, आणि हाताला ते साधत नाही. ध्वनिशास्त्रात यासाठी जुनी युक्ती आहे. तांब्याची बारीक तार वाद्याच्या तारेखालून घालून ओढायची. ओढ एका मर्यादेपलीकडे गेली की तांबं तुटतं आणि वाद्याची तार सुटते. एकाच रिळातली तार वापरली की तुटण्याचा जोर दर वेळी जवळपास तोच राहतो.

पंख्यांच्या मोटारी भरून देणाऱ्या दुकानातून ४२ नंबरची इनॅमल वायर आणली, जाडी ०.१ मिलिमीटर. छेडायची जागा ब्रिजपासून १० सेंटिमीटरवर पक्की केली. ओढ नेहमी गिटारच्या अंगापासून सरळ वर, कारण तिरकी ओढली तर तारेच्या हालण्याची दिशा बदलते आणि आकडा फिरतो. व्हॉल्यूम आणि टोनची बटणं पूर्ण उघडी, केबल ऑडिओ इंटरफेसमधून थेट कॉम्प्युटरवर, ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या अर्ध्या सेकंदाची सरासरी पातळी. भाचीने रेकॉर्डचं बटण सांभाळलं. प्रत्येक तार दहा वेळा छेडली, सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा सोडून दिला.

मधल्या पिकअपचे आकडे असे आले. सहावी तार शून्य धरली तर पाचवी उणे ०.७ डेसिबल, चौथी अधिक ०.६, तिसरी अधिक ३.९, दुसरी उणे २.५, पहिली उणे १.१.

तिसरी आणि दुसरी यांत ६.४ डेसिबलचं अंतर! ६ डेसिबल म्हणजे विद्युतदाब दुप्पट. शेजारशेजारच्या दोन तारांत एकीचा आवाज दुसरीच्या दुप्पट दाबाने बाहेर पडतोय, आणि मी ते बोटांनी झाकायला निघालो होतो.

२१ जून, शनिवार

हे असं का, ते आठवडाभर डोक्यात घोळत होतं. आज कागदावर मांडलं.

पिकअपला हवा कंप पावते ते कळत नाही, त्याला फक्त लोखंड हललेलं कळतं. चुंबकाच्या क्षेत्रात पोलादी तार हलली की कॉइलमधून जाणारा चुंबकीय प्रवाह बदलतो आणि त्या बदलाच्या वेगाइतका दाब तयार होतो. म्हणजे मुख्य गोष्टी तीन: पोलाद किती, ते किती वेगाने हलतं आणि चुंबकापासून किती दूर आहे.

तिसरी तार १७ हजारांश इंचाची, दुसरी १३ ची. छेदाचं क्षेत्रफळ वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे २८९ ला १६९. तिसरीत १.७ पट पोलाद, साधारण साडेचार डेसिबल जास्त. पण दुसरी तार सेकंदाला २४७ वेळा कंप पावते, तिसरी १९६ वेळा. त्या वेगामुळे दुसरीला २ डेसिबल परत मिळतात. तेव्हा तारांच्या जाडीमुळे पडणारा फरक अडीचेक डेसिबलचाच. उरलेले चारेक डेसिबल कांड्यांच्या उंचीतून येत असणार.

मग ही उंची अशी ठेवलीच कशाला? स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये बाजारात आली. तेव्हाच्या संचांत तिसरी तार साधी नसे, चौथीसारखी गुंडाळलेली असे. गुंडाळलेल्या तारेचा गाभा बारीक असतो. वरच्या वेढ्यांचा हातभार लागतो, पण भरीव पोलादाइतका नाही. त्यामुळे त्या काळी तिसरी तार दुबळी पडे आणि तिच्यासाठी कांडी उंच केलेली होती. फ्रेटबोर्डला बाक असल्याने मधल्या तारा मुळात कडेच्या तारांहून वर असतात, तोही हिशोब त्या चढउतारात धरला होता. पुढे १९६० च्या दशकात साध्या तिसऱ्या तारेचे हलके संच आले. त्याआधी काही वादक संचातली सहावी तार टाकून देत, बाकीच्या एकेक घर सरकवत आणि पहिल्या जागी बॅन्जोची तार लावत, इतकी त्यांना हलक्या तारांची ओढ होती. तारा बदलल्या, पण जुन्या घाटाचे पिकअप आजही त्याच चढउताराने बनतात.

खात्री करायला बारा-बावन्नच्या संचातली गुंडाळलेली २४ ची तिसरी तार आणली. नटची (मानेच्या टोकाच्या पट्टीची) खाच १७ ची, ही तार तीत बसेना. म्हणून पहिल्या घरात (फ्रेटमध्ये) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावला आणि दोन्ही तारा त्याच स्थितीत मोजल्या. साधी तार अधिक ३.८. गुंडाळलेली अधिक ०.७.

मला फार बरं वाटलं. ज्याने हा पिकअप आखला त्याचं काहीच चुकलेलं नव्हतं. त्याने ज्या तारा समोर ठेवल्या होत्या त्या मी लावलेल्या नाहीत, एवढंच. गुंडाळलेली तिसरी तार कायमची लावता आली तर प्रश्नच मिटला असता. पण ती ओढून मींड घेता येत नाही, आणि भावगीतात मींड नाही म्हणजे मी वाजवण्यात अर्थ नाही.

२२ जून, रविवार

फुकटचा उपाय आधी: उंचीचे स्क्रू. जुन्या घाटाच्या पिकअपसाठी फेंडरने दिलेलं माप असं: तार शेवटच्या घरात दाबून, पोलच्या (कांडीच्या) माथ्यापासून तारेच्या तळापर्यंत जाड तारांकडे २.४ मिलिमीटर आणि बारीक तारांकडे २. माझा मधला पिकअप त्याहून बराच वर होता. मापाला आणला. सगळ्या तारांचा आवाज थोडा उतरला आणि तिसरी-दुसरीमधलं अंतर ६.४ वरून ५.५ झालं. जवळ असताना उंच कांडीचा वरचष्मा जास्त चालतो, लांब गेल्यावर तो कमी होतो.

आणखी खाली नेलं तर अंतर आणखी घटतं, पण आवाजातला कणा जातो. बारीक तारांची बाजू एकटी उतरवून पाहिली, तर पहिली तारच हरवली. स्क्रू पूर्ण पिकअप हलवतात, एकटी कांडी नाही. इथे हा उपाय संपला.

ज्यांच्या गिटारवर हम्बकर किंवा पी-९० या जातींचे पिकअप आहेत त्यांना हे सगळं करावंच लागत नाही. त्यांच्या पोलना स्क्रूची डोकी असतात, अर्धा फेरा फिरवला की झालं. पी-९० मध्ये ही सोय १९४६ पासून आहे.

२८ जून, शनिवार

आज नुकसान झालं. जसं झालं तसं लिहून ठेवतो.

नेकच्या पिकअपची तिसरी कांडी खाली दाबून बसवायची असं ठरवलं. दाबण्याआधी रोध मोजला, ५.८ किलोओहम. पिकअप लाकडी ठोकळ्यावर ठेवला, खाली कांडी उतरायला भोक, वरून कांडीवर सागाचा तुकडा, आणि शिकंज्यात हळूहळू आवळत गेलो. कांडी हलेना. अजून पाव फेरा दिला. ती अचानक मिलिमीटरभर उतरली आणि बारीक ‘कट्’ ऐकू आलं. मल्टीमीटर लावला. काटा जागचा हलला नाही. कॉइल तुटली होती.

नंतर भिंगाखाली पाहिल्यावर रचना कळली. खाली-वर फायबरच्या दोन पट्ट्या, त्यांतून आरपार सहा कांड्या, आणि तार थेट त्या कांड्यांभोवती गुंडाळलेली. मध्ये लाखेच्या लेपाशिवाय काही नाही. सगळ्यात आतले वेढे कांडीला चिकटलेले असतात. कांडी सरकली की ती केसाएवढी तार बरोबर ओढली जाते. कॉइलची सुरुवातच आतून होत असल्याने तिथे एक वेढा तुटला की सगळी कॉइल गेली.

प्लॅस्टिकच्या बॉबिनवर गुंडाळलेल्या पिकअपमध्ये हा धोका नसतो, तार प्लॅस्टिकवर असते. पण त्यांत बहुतेक वेळा पोल साध्या लोखंडाचे आणि चुंबकाची पट्टी खाली चिकटवलेली असते, ती काढल्याशिवाय पोल खाली जात नाही. आपला पिकअप कोणत्या जातीचा आहे हे पाहिल्याशिवाय कुणीही कांडीला हात लावू नये. मी पाहायला हवं होतं. तो पिकअप पन्नास रुपयांचा असो वा पाच हजारांचा, कुणीतरी निगुतीने भरलेली कॉइल माझ्या हातून तुटली, याचं वाईट वाटतं.

६ जुलै, आषाढी एकादशी

बेंजो पार्टीवाल्यांचे पिकअप भरून देणाऱ्या एका दादांकडे पोचलो. शिलाई मशीनच्या मोटरवर त्यांनी गुंडाळायचं यंत्र बसवलंय, वेढे मोजायला काउंटर आहे. सुटी असूनही बसले. बाहेर रस्त्यावर अभंग चालले होते आणि आत यंत्राची घरघर.

पहिलीच अडचण वायरच्या नंबराची. गिटारच्या पिकअपला ४२ नंबरची वायर लागते असं सगळीकडे लिहिलेलं असतं. दादांनी लगेच ४२ चं रीळ काढलं. ते रीळ माझ्या ओळखीचं होतं, मोजणीसाठी आणलेली वायर तीच! शंका आली म्हणून दोघांनी मायक्रोमीटर लावला. आपल्याकडच्या दुकानांत चालणारा नंबर ब्रिटिश गेजचा, त्यात ४२ म्हणजे ०.१०२ मिलिमीटर. पिकअपवाल्यांचा ४२ अमेरिकन गेजचा, ०.०६३ मिलिमीटर. आपल्या मोजणीत त्याच्या सगळ्यात जवळची वायर ४६ नंबरची, ०.०६१. जाड वायर घेतली असती तर हजारो वेढे त्या अरुंद जागेत मावलेच नसते. भारतात पिकअप भरून घेणाऱ्याने नंबर बोलूच नये, मिलिमीटर बोलावेत.

जुनी कॉइल कापायच्या आधी तिच्या वेढ्यांची दिशा लिहून घेतली. ती उलटली तर हा पिकअप दुसऱ्याबरोबर वाजवताना आवाज पोकळ, नाकातला येतो. मग नागड्या कांड्यांवर मनासारखं काम करता आलं. तिसरी १.५ मिलिमीटर खाली, दुसरी ०.८ मिलिमीटर वर. आता त्या न दुखावता सरकल्या. गुंडाळण्यापूर्वी सहाही कांड्यांभोवती पातळ टेपचा एक वेढा दिला, म्हणजे पुढे कधी कांडी हलवावी लागली तर तार सुरक्षित राहील.

७,८०० वेढे. रोध ५.९ किलोओहम. पॅराफिनमध्ये थोडं मधमाशांचं मेण घालून ६५ अंशांच्या आसपास ठेवलं आणि पिकअप त्यात बुडवला. बुडबुडे यायचे थांबले तेव्हा काढला. या मेणाने वेढे जागेवर बसतात, नाहीतर अँप मोठा केला की कॉइलच शिट्टी मारते.

रात्री मोजलं. नेकच्या पिकअपवर तिसरी-दुसरीचं अंतर १.६ डेसिबल. दादांना फोन करून आकडा सांगितला. ते म्हणाले, “आकडा राहू द्या, वाजवून ऐकवा.” फोन अँपसमोर धरून वाजवलं.

१३ जुलै, रविवार

मधल्या पिकअपची कॉइल चांगली आहे, ती कापायची नाही. तिथे कांडी न हलवता तिची ताकद कमी करायची.

कांड्यांचा अल्निको हा मिश्रधातू यासाठी सोयीचा. त्याचं चुंबकत्व विरुद्ध क्षेत्राने सहज उतरतं आणि जोरकस निओडिमियम चुंबकांच्या मध्ये धरलं की पुन्हा चढतं. म्हणजे चूक झाली तरी परतायची वाट आहे. आधी होकायंत्राने ध्रुव पाहिले. माझा मधला पिकअप बाकी दोघांच्या उलट्या ध्रुवाचा निघाला. दोन पिकअप एकत्र वाजताना गुणगुण कमी व्हावी म्हणून मधला असा उलटा ध्रुव आणि उलटे वेढे देऊन करतात. हे न पाहता काम केलं असतं तर कांडी दुबळी होण्याऐवजी भरून निघाली असती.

तारा काढल्या. १० मिलिमीटरचं निओडिमियम चुंबक, सारखा ध्रुव समोर, हाताला ढकलल्यासारखं जाणवेल असं, सरळ वरून कांडीकडे नेलं आणि सरळ वर उचललं. बाजूला घसरवायचं नाही, शेजारच्या कांड्या बिघडतात. ८ मिलिमीटरपर्यंत नेलं, काही फरक नाही. ५ पर्यंत, तिसरी तार ०.८ ने उतरली. ३ पर्यंत, एकूण १.९ ने. चौथीचे ०.३ त्यात गेले. इथे थांबलो. दर खेपेला तारा चढवून, सुरात आणून मोजायचं, त्यात अख्खा दिवस गेला आणि मधे तासभर लाईट नव्हती.

एक गोष्ट अनपेक्षित मिळाली. बाराव्या घरापुढे तिसरी तार पूर्वी थोडी बेसूर, घोगरी लागायची. आता ती निवळ लागते. जोरदार चुंबक तारेला स्वतःकडे खेचतं आणि तिचं हालणं बिघडवतं, ते खेचणं कमी झालं. ठोक्याची धार किंचित मऊ झाली आहे. मला ती आवडली, जलद सोलो वाजवणाऱ्याला कदाचित नाही आवडणार.

ब्रिजच्या पिकअपवर तीच रीत. नवं लिहिण्यासारखं काही नाही.

१९ जुलै, शनिवार

कानाची परीक्षा. भाचीला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि कोणती तार पुढे येते ते सांगायला लावलं. कॉर्डमध्ये तिला काही वेगळं वाटेना. एकेक सूर वाजवल्यावर म्हणाली, “मामा, तिसरी ठीक आहे, पण चौथी मेल्यासारखी वाटते आणि दुसरी अजून लाजते.”

चौथीचं कारण सोपं निघालं. तारा दोन महिन्यांच्या झाल्या होत्या. गुंडाळलेल्या तारांच्या वेढ्यांत मळ बसतो, त्या आधी मरतात. पावसाळ्यात सांगलीत तर लवकरच. नवा संच लावला, चौथी ०.९ ने वर आली. म्हणजे माझी पहिल्या दिवसाची मोजणीही जुन्या तारांवरची होती. सगळी मापं नव्या तारांवर पुन्हा घेतली. तिसरी-दुसरीचं अंतर साध्या तारांचं असल्याने फारसं बदललं नाही. मधल्या पिकअपवर ३.४.

दुसरी ‘लाजते’ यालाही आधार आहे. कानाला सगळ्या पट्टीतले सूर सारखे ऐकू येत नाहीत, फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये त्याचे आलेख काढून दाखवले. आकडे समान केले म्हणजे ऐकणं समान झालं असं नाही. आता शेवटचा शब्द भाचीचा.

२६ जुलै, शनिवार

ताईंचा तानपुरा जवारीला (घोडी आणि दोरा जुळवून तारांची गुंज आणायला) टाकायला मिरजेत सतारमेकरांकडे गेलो होतो. तासभर बसून पाहिलं. जोडीच्या तारा मोठ्या बोलत होत्या, खर्ज बसलेला. मला वाटलं, चाचा जोडीच्या तारांचं काहीतरी करतील. त्यांनी त्यांना हातही लावला नाही. खर्जाखालचा दोरा केसभर पुढे, केसभर मागे असा सरकवत राहिले, मध्ये घोडी थोडी घासली, पुन्हा दोरा. खर्ज उलगडला तेव्हा जोड मोठी वाटायची थांबली.

बसमध्ये हेच डोक्यात होतं. मी सहा आठवडे तिसऱ्या तारेच्या मागे लागलोय. दुसरीसाठी मधल्या पिकअपवर काहीच केलेलं नाही.

घरी आल्यावर खिळ्याचं चपटं डोकं कापून, घासून ५ मिलिमीटरची चकती केली, जाडी १ मिलिमीटर. ती दुसऱ्या कांडीच्या माथ्यावर ठेवली, चुंबकाने स्वतःच धरली. लोखंड तारेच्या जवळ गेलं, त्याबरोबर क्षेत्रही. दुसरी १.१ ने वर. शेवटच्या घरात दाबून पाहिलं, तार चकतीला लागत नाही. मग पिकअप उलटा करून त्याच कांडीच्या बुडाला ३ मिलिमीटरचं छोटं निओडिमियम चुंबक ओढीच्या बाजूने लावलं, आणखी ०.७. अंतर १.६, नेकच्या पिकअपइतकंच. ब्रिजच्या पिकअपवर नुसत्या चकतीने भागलं.

भाचीला बोलावलं. तिने तीनदा ऐकलं आणि अभ्यासाला निघून गेली.

२ ऑगस्ट, शनिवार

तालीम. मुद्दाम कुणाला काही सांगितलं नव्हतं. पहिल्या गाण्याच्या अंतऱ्यानंतर तबलजी थांबून म्हणाले, “आज गिटार हार्मोनियमला धरून चाललीय.” ताई काही बोलल्या नाहीत, पण नेहमी माझ्यापासून लांब सरकून बसतात, त्या आज सरकल्या नाहीत.

हात मात्र अजून जुनाच आहे. दोन वर्षं तिसरी तार चोरून छेडायची सवय लावून घेतली, ती आता मोडावी लागेल. आज दोनदा तिसरी तार लागलीच नाही.

तालमीला आलेल्या एकांच्या अकूस्टिक गिटारला साउंडहोलमध्ये बसवायचा चुंबकी पिकअप आहे. त्यांची तक्रार दुसऱ्या तारेची, ती फार ओरडते. त्यांच्या जाड तारांना वरून ब्राँझचे वेढे आहेत. ब्राँझ चुंबकाला कळतच नाही, त्यामुळे पिकअपला फक्त बारीक गाभा दिसतो आणि साध्या दोन तारा भरीव पोलादाच्या. त्यांच्या पिकअपला स्क्रूचे पोल आहेत. पुढच्या शनिवारी स्क्रू ड्रायव्हर घेऊन जाईन.

रात्री गिटारच्या पिकगार्डच्या आतल्या बाजूला, पुढे जो कुणी उघडेल त्याच्यासाठी, पक्क्या शाईने लिहिलं: तारा दहा-शेचाळीस, तिसरी साधी १७. नेक: तिसरी कांडी १.५ खाली, दुसरी ०.८ वर, कांड्यांभोवती टेप आहे. मधला आणि ब्रिज: तिसरी कांडी उतरवलेली, दुसरीवर चकती. मधल्याच्या दुसऱ्या कांडीच्या बुडाला चुंबक. गुंडाळलेली तिसरी तार लावणार असाल तर चकत्या काढा, मधल्याचं चुंबक काढा आणि तिसऱ्या कांड्यांचं चुंबकत्व पुन्हा भरून घ्या. मधल्या आणि ब्रिजच्या पिकअपच्या कांड्या दाबू नका.